सेवा-अध्ययन समन्वयक व्हायचे असेल तर: विद्यापीठ आणि सामाजिक संस्था यांना जोडणाऱ्या कामाची इंदूरमधील वाट

राष्ट्रीय शिक्षण धोरण पदवी स्तरावर लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांमध्ये मध्य प्रदेशाचा समावेश होतो. २०२१-२२ च्या सत्रापासून येथील पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्प, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप किंवा समाजसहभाग यांना क्रेडिटसह स्थान मिळाले. त्यामुळे सत्र संपत आले की इंदूरमध्ये एक चित्र हमखास दिसते. महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचे पत्र घेऊन विद्यार्थी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत फिरत असतात. त्यांना बहुधा प्रमाणपत्र हवे असते, आणि ज्या संस्थेत तीन-चार कार्यकर्त्या साऱ्या वस्तीचे काम ओढत असतात, तिथे या मुलांना नेमके काय सांगावे हे कोणालाच ठरवायला सवड नसते. शेवटी एखादा सर्व्हे होतो, फोटो निघतात, फाइल जमा होते आणि विषय संपतो.

महाविद्यालय आणि संस्था यांच्यामध्ये उभे राहून दोघांचेही काम सार्थकी लावणारी व्यक्ती म्हणजे सेवा-अध्ययन समन्वयक. हे आता पूर्णवेळ करिअर होऊ शकते, आणि आपल्या शहरातील समाजकार्य, शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकलेल्या तरुणांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा, असे मला मनापासून वाटते. पुढील मजकूर या कामात शिरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

कामाचे खरे स्वरूप

सेवा-अध्ययनात विद्यार्थी आपल्या विषयाचे ज्ञान वापरून एखाद्या संस्थेची किंवा वस्तीची खरी गरज भागवतो, आणि त्या अनुभवावर पद्धतशीर विचार करून पुन्हा विषयाकडे वळतो. अमेरिकेत रॉबर्ट सिगमन आणि विल्यम रॅम्से यांनी १९६७ च्या सुमारास सर्व्हिस लर्निंग हा शब्द वापरात आणला. आपल्याकडे त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. या योजनेतील स्वयंसेवक वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घेतो. ही योजना मोलाची आहे. मात्र तिच्यात रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी खांद्याला खांदा लावून एकच रस्ता झाडू शकतात. सेवा-अध्ययनात असे चालत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बचत गटाची रोजकीर्द आणि बँकेचे पासबुक का जुळत नाही हे शोधावे, गटातील बायकांना खतावणी वाचता येईल इतपत समजावून सांगावे, आणि पुस्तकातले हिशेबाचे नियम निरक्षर सभासदांच्या गटात कुठे अडतात यावर विषयशिक्षकाशी चर्चा करावी, अशी ही रचना असते.

समन्वयकाचे काम म्हणजे विद्यार्थ्यांसाठी ‘जागा मिळवणे’ असा सर्वसाधारण समज आहे. तो मला साफ चुकीचा वाटतो. समन्वयकाची पहिली बांधिलकी संस्थेच्या गरजेशी आणि संस्थेच्या वेळेशी असली पाहिजे, मग त्याचा पगार विद्यापीठ देत असले तरीही. कारण साधे आहे. गरज खरी असेल तरच विद्यार्थी खरे काही शिकतो. मुलांना गुंतवण्यासाठी बनवलेले काम मुलांना पहिल्याच आठवड्यात ओळखू येते, आणि मग तीही तितक्याच वरवरच्या मनाने ते उरकतात.

शिक्षण आणि पूर्वतयारी

समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., ही या कामाची सर्वांत सरळ वाट आहे, कारण तिच्यात क्षेत्रकार्य सक्तीचे असते आणि देखरेखीखाली काम करण्याची सवय लागते. इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क ही या शिक्षणाची इथली जुनी संस्था आहे, आणि महू येथील डॉ. बी. आर. आंबेडकर सामाजिक विज्ञान विद्यापीठ शहरापासून फार दूर नाही. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान किंवा ग्रामविकास शिकलेली माणसेही हे काम उत्तम करतात.

पदवीपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की पहिली एक-दोन वर्षे एखाद्या छोट्या संस्थेत काढावीत. महिनाअखेरीस अनुदान न आल्यावर संस्था कशी चालते, एका कार्यकर्तीच्या दिवसात किती घरभेटी, किती फोन आणि किती कागद असतात, हे जिने जवळून पाहिले आहे तीच पुढे विद्यापीठातल्या बैठकीत ‘आणखी वीस मुले पाठवूया’ या सूचनेला ठामपणे नाही म्हणू शकते.

भाषेबद्दलही सांगावेसे वाटते. इंदूरच्या मराठी घरांत हिंदी बोलणे सहज असते, परंतु नगर निगमाच्या झोन कार्यालयाला किंवा जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याला नेमके, शुद्ध हिंदी पत्र लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा सराव करावा लागतो. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या भागांतून मजुरीसाठी आलेली कुटुंबे भिली किंवा निमाडी बोलतात. त्यांच्या बोलीतली विचारपूस करण्यापुरती वाक्ये आली तरी दारे लवकर उघडतात. रामबाग किंवा लोकमान्य नगर यांसारख्या भागांत वाढलेल्या आपल्यातल्या अनेकांनी बाणगंगा, मूसाखेडी, चंदन नगर इथल्या गल्ल्या पायी पाहिलेल्या नसतात. विद्यार्थ्यांना तिथे नेण्याआधी त्या आपण स्वतः, वेगवेगळ्या वेळी, चालून पाहाव्यात.

पहिला टप्पा: संस्थांची नोंदवही

सुरुवात महाविद्यालयापासून न करता संस्थांपासून करावी. एक नोंदवही किंवा संगणकावरची तक्ता-फाइल करून तिच्यात प्रत्येक संस्थेचे काम, वस्ती, कार्यकर्त्यांची संख्या, कामाचे दिवस व वेळा आणि संपर्काची व्यक्ती लिहावी. मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासिका, महिलांची प्रशिक्षण केंद्रे, दिव्यांगांच्या शाळा, कचरा वेचणाऱ्या कुटुंबांसोबत काम करणारे गट आणि वृद्धाश्रम चटकन आठवतात. सरकारी शाळा, अंगणवाड्या आणि मराठी मंडळांची जुनी वाचनालये मात्र यादीतून नेहमी सुटतात. ज्या वाचनालयाची ग्रंथसूची अजून हस्तलिखित आहे, तिथे ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका सत्राचे भरीव काम मिळते.

प्रत्येक संस्थेचा दिनक्रम वेगळा असतो हे नोंदवहीत दिसले पाहिजे. ग्रामीण आणि आदिवासी महिलांसाठी निवासी प्रशिक्षण चालवणारी बरली संस्था १९८५ पासून इंदूरमध्ये आहे. अशा निवासी संस्थेत दिवसभराचे वेळापत्रक आधीच भरलेले असते, तर वस्तीतल्या अभ्यासिकेत दुपारी चारपर्यंत कुलूप असते. दोन्हीकडे एकाच पद्धतीने विद्यार्थी पाठवता येत नाहीत.

कागदपत्रेही पाहावीत. संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली किंवा न्यास म्हणून नोंदलेली आहे का, तिचे वार्षिक लेखापरीक्षण होते का, मुलांसोबत काम असेल तर बालसंरक्षणाचे लेखी धोरण आहे का, एवढे तरी विचारावे. नोंदणी नसलेला एखादा वस्तीतला गटही चांगला भागीदार होऊ शकतो. त्याच्याबाबतीत जबाबदार व्यक्ती कोण हे लेखी ठरवून घ्यावे.

दुसरा टप्पा: पहिली भेट

या भेटीवर पुढचे सारे अवलंबून असते, म्हणून तिच्यासाठी घाई नसलेला दिवस निवडावा आणि भेट संस्थेच्या जागेतच घ्यावी. विद्यार्थी, क्रेडिट, विद्यापीठ यांपैकी काहीही सुरुवातीला बोलू नये. ‘ताई, मागच्या वर्षी कॉलेजची मुले आली होती का? त्यांच्या कामातले आज काय वापरात आहे?’ हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते. उत्तर बहुधा असे येते की कॉलेजची मुले चांगली होती, पण वस्तीतल्या मुलांना त्यांची सवय झाली आणि नेमकी तेव्हाच ती परीक्षेला निघून गेली. किंवा सर्व्हेचे फॉर्म कपाटात आहेत, बघायला कोणाला वेळ झाला नाही. या उत्तरात पुढच्या आखणीसाठी लागणारे जवळजवळ सगळे असते.

त्यानंतर असे विचारावे की कोणते काम कित्येक महिने राहून गेले आहे, कोणते काम बाहेरच्या माणसाला मुळीच देता येणार नाही, आणि एका वेळी किती विद्यार्थी संस्थेला ओझे न होता सांभाळता येतील. शेवटच्या प्रश्नाला सौजन्यापोटी नेहमी मोठा आकडा सांगितला जातो. तिथे आपण स्वतःहून तो निम्मा करावा. तीन कार्यकर्त्यांच्या संस्थेत चार-पाच विद्यार्थी पुरेसे होतात.

सर्व्हेबाबत माझे मत ठाम आहे. इंदूरच्या वस्त्यांमध्ये स्वच्छतेपासून आरोग्यापर्यंत इतक्या वेळा माहिती गोळा झाली आहे की वही-पेन घेतलेला तरुण दिसला तरी बायका विचारतात, ‘अब फिर कौन सा सर्वे है, भैया?’ संस्थेने स्वतः मागितला असेल, त्याचा निष्कर्ष कोण आणि कधी वापरणार हे ठरले असेल, आणि तो वस्तीला परत सांगितला जाणार असेल, तरच सर्व्हे घ्यावा.

तिसरा टप्पा: विषयशिक्षकाला सोबत घेणे

गरज हातात आल्यावरच महाविद्यालयात जावे आणि ती कोणत्या विषयाच्या कोणत्या घटकाशी जुळते हे अभ्यासक्रम समोर ठेवून पाहावे. अभ्यासिकेत मुले वाचनात मागे आहेत, ही गरज मानसशास्त्र, हिंदी आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही विषयांना जोडता येते. बचत गटाचे हिशेब वाणिज्याला. पोषणाच्या पाककृती गृहविज्ञानाला. बोअरवेलच्या पाण्याची तपासणी रसायनशास्त्राला.

प्राध्यापकांवर अध्यापन, परीक्षा आणि कार्यालयीन कामांचा ताण आधीच असतो, त्यामुळे त्यांना तयार मसुदा द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये उच्च शिक्षणातील सामाजिक दायित्व आणि समाजसहभागाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध करून सर्व विद्यार्थ्यांसाठी दोन क्रेडिटच्या अभ्यासक्रमाची शिफारस केलेली आहे, आणि महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनातही विस्तारकार्याला स्थान आहे. प्राचार्यांशी बोलताना हे दोन मुद्दे उपयोगी पडतात. प्राध्यापकांशी बोलताना मात्र विषय अधिक चांगला कसा शिकवता येईल यावरच बोलावे. पुढची कित्येक वर्षे टिकणारे सहकार्य त्यातूनच उभे राहते.

चौथा टप्पा: तासांचे गणित आणि वेळापत्रक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या क्रेडिट-चौकटीत समाजसहभाग किंवा क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात तीस तास धरले जातात. दोन क्रेडिटचे साठ तास झाले. ते सगळे वस्तीत घालवायचे नसतात. सहा तास पूर्वतयारी, चाळीस तास प्रत्यक्ष काम, आठ तास चिंतनाच्या बैठका आणि सहा तास शेवटचे सादरीकरण व सुपूर्दगी, अशी विभागणी मला सोयीची वाटते. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात चालणाऱ्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन दिवस गेले, की चाळीस तासांना दहा आठवडे लागतात.

हे दहा आठवडे कोणते, हा खरा प्रश्न आहे. पावसाळ्यात नदी-नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते आणि कार्यकर्त्या त्यातच अडकलेल्या असतात. गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या सुमारास, संध्याकाळचे रस्ते बंद असतात. दिवाळी आणि होळीच्या वेळी, विशेषतः होळीआधीच्या भगोरिया या आदिवासी उत्सवाच्या दिवसांत, आदिवासी कुटुंबे गावी जातात आणि अभ्यासिका ओस पडते. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्याच्या परिसरात तर कोणतेच काम ठेवू नये. त्यात परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन आणि युवा महोत्सव यांच्या तारखा मिळवल्या की मोकळे आठवडे फार थोडे उरतात. म्हणून संस्थेचे वर्षभराचे आणि विद्यापीठाचे शैक्षणिक, अशी दोन्ही वेळापत्रके एकाच मोठ्या कागदावर शेजारीशेजारी लिहावीत. अंतराचाही विचार करावा: खंडवा रोडवरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरातून बाणगंगेपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत बसने जायचे तर दोन तासांच्या कामासाठी जवळपास तेवढाच वेळ जाण्यायेण्यात जातो. शक्यतो विद्यार्थ्याच्या घराजवळची किंवा महाविद्यालयाजवळची संस्था द्यावी.

मुलांसोबतच्या कामात निरोपाची तारीख पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी. शिकवायला येणारी दीदी अचानक येईनाशी झाली की ज्या मुलांच्या आयुष्यात माणसे आधीच वारंवार निघून जातात, त्यांना ते फार लागते.

पाचवा टप्पा: एक पानाचा करार

विद्यापीठ आणि संस्था यांच्यातील औपचारिक सामंजस्य करार कुलसचिवांच्या कार्यालयातून होतो आणि त्याला वेळ लागतो. प्रत्यक्ष उपयोग होतो तो विद्यार्थी, संस्था आणि शिक्षक या तिघांच्या सह्यांच्या एका पानाचा. त्यात कामाचे नेमके वर्णन, दिवस आणि वेळा, संस्थेत कोणाला विचारायचे, सत्राच्या शेवटी संस्थेच्या हाती काय दिले जाईल, गैरहजर राहायचे असल्यास कोणाला आणि किती आधी कळवायचे, आणि फोटो काढण्याबाबतचा नियम लिहावा. हे पान हिंदीत असावे.

सुरक्षिततेच्या गोष्टी इथेच येतात. मुलांसोबत विद्यार्थी कधीही एकटा नसावा. मुलांचे चेहरे, नावे, पत्ते समाजमाध्यमांवर टाकू नयेत. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास किशोर न्याय अधिनियम, २०१५ नुसार मनाई आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायदा, २०१२ खाली ती कळवणे बंधनकारक आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पूर्वतयारीत सांगावे, आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक त्याच पानावर छापावा. मुलींना संध्याकाळी परतताना सोबत मिळेल अशी जोडी लावावी. महाविद्यालयाचा अपघात विमा बाहेरच्या कामाला लागू आहे का, हे कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे.

सहावा टप्पा: चिंतनाच्या बैठका

हा टप्पा गाळला, तर उरते ती केवळ स्वयंसेवा. दर दोन आठवड्यांनी आठ-दहा विद्यार्थ्यांची तासाभराची बैठक घ्यावी आणि तिचा आधार तीन प्रश्न असावेत: काय घडले, त्यातून काय कळते, आणि आता काय करायचे. पहिल्या प्रश्नावर पुरेसा वेळ द्यावा, कारण विद्यार्थी थेट मतावर उडी मारतात.

एका बैठकीतला प्रसंग इथे उपयोगी पडेल. अभ्यासिकेत शिकवणारा एक विद्यार्थी म्हणाला की पालकांना शिक्षणाची किंमत नाही, एक मुलगी सतत दांडी मारते. ‘ती कोणकोणत्या दिवशी आली नाही?’ असे विचारल्यावर त्याने हजेरी काढली. गैरहजेरी मुख्यतः दोनच ठरावीक वारी होती. त्याने कार्यकर्तीकडे चौकशी केली, तेव्हा कळले की त्या दिवशी आई बाजाराच्या कामाला जाते आणि धाकटा भाऊ या मुलीकडे असतो. पुढच्या बैठकीत समाजशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी मुलींच्या घरातील विनावेतन श्रमाचा पाठ तिथेच घेतला. आणि संस्थेने त्या दोन दिवशी भावालाही सोबत आणायची परवानगी दिली. ‘किंमत नाही’ हे वाक्य त्या विद्यार्थ्याच्या अहवालात नंतर आले नाही.

अशा बैठकीत समन्वयकाने कमी बोलावे. विद्यार्थ्याच्या पूर्वग्रहाबद्दल त्याला लाजवू नये. त्याला पुन्हा तपशिलाकडे वळवावे. रोजनिशी लिहायला सांगावी, पण तिला गुण देऊ नयेत, नाहीतर मुले परीक्षकाला आवडेल तेच लिहितात.

सातवा टप्पा: मूल्यमापन

गुण तासांच्या हजेरीवर न देता विषयाच्या आकलनावर, संस्थेला दिलेल्या कामाच्या उपयुक्ततेवर आणि शेवटच्या सादरीकरणावर द्यावेत. सादरीकरण संस्थेतच ठेवावे आणि तिथल्या माणसांना प्रश्न विचारू द्यावेत. संस्थेनेही विद्यापीठाचे मूल्यमापन करावे. विद्यार्थी वेळेवर आले का, कार्यकर्तीचा किती वेळ गेला, पुढच्या सत्रात पुन्हा विद्यार्थी हवेत का, हे प्रश्न सत्र संपल्यावर सवडीने विचारावेत आणि ‘नको’ हे उत्तर मोकळेपणाने स्वीकारावे.

नोकरी कुठे मिळते

या पदाला प्रत्येक ठिकाणी वेगळे नाव असते. खासगी विद्यापीठांत सामाजिक सहभाग किंवा आउटरीच समन्वयक, समाजकार्य महाविद्यालयांत क्षेत्रकार्य समन्वयक, मोठ्या संस्थांत स्वयंसेवक व्यवस्थापक, आणि कंपन्यांत सीएसआर अधिकारी. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि पीथमपूरचे औद्योगिक क्षेत्र आपल्या शेजारीच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी मात्र बहुधा महाविद्यालयातील प्राध्यापकच असतात, त्यामुळे ते स्वतंत्र पद समजून तयारी करू नये. आयआयएम इंदूरसारख्या व्यवस्थापन संस्थांतही ग्रामीण भागाशी विद्यार्थ्यांना जोडणारे उपक्रम चालतात.

सुरुवातीची बरीच पदे वर्षभराच्या कंत्राटावर असतात आणि प्रकल्पाचा निधी संपला की संपतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. रुजू होण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रवासखर्च मिळतो का, संध्याकाळच्या व रविवारच्या कामाची बदली सुट्टी मिळते का, आणि वेळापत्रक ठरवण्याच्या बैठकीत समन्वयकाला बोलावले जाते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल, तर ते पद केवळ पत्रे टाइप करण्याचे असण्याची दाट शक्यता आहे.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या जाड फाइलपेक्षा एका पूर्ण झालेल्या सत्राचे कागद न्यावेत: दोन्ही वेळापत्रकांचा तो मोठा तक्ता, एक पानाच्या कराराची प्रत, मुलांची व कुटुंबांची नावे काढून टाकलेले एक-दोन अहवाल, आणि संस्थेने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले, पुढच्या सत्रातही विद्यार्थी पाठवा असे सांगणारे पत्र.